आजीला वाटलं पोराची मज्जाच काढणार

मी हॉस्पिटलात समुपदेशक आहे, म्हणजे डॉक्टर घाईत जे बोलून जातात ते नंतर नातेवाइकांना बसवून परत सांगायचं. त्या दिवशी नऊ-दहा वर्षांचा एक मुलगा होता, प्लेटलेट का कमी होतायत ते कळेना म्हणून बोन मॅरो करायचं ठरलं. वडील खाली बिल भरायला गेलेले, सोबत आजी. मी संमतीपत्र वाचून दाखवतेय, 'कमरेच्या मागच्या हाडातून मज्जा काढून तपासणीस पाठवली जाईल'... आजीने माझा हातच धरला.

"अगं बाई, पोराची मज्जा काढून घेताय व्हय? आधीच त्याला कशात मजा वाटंना झालीया."

आणि पोरगं तिकडे खूश, कसलीतरी मज्जा आहे म्हणून!

आता यात आजीची काय चूक? आपली मजा फारसीतून आली, मुळात अर्थ चव, म्हणजे 'आज चहाला मजा नाही' म्हणतो ते अगदी मुळाला धरून. आणि हाडातली मज्जा संस्कृत, आयुर्वेदाच्या सात धातूंतली. दोघींचं काही नातं नाही, पण मजा जरा जास्त झाली की आपण तिची मज्जा करतो, दोन्ही स्त्रीलिंगी, मग कानाने ओळखायचं कसं. आमच्या शाळेत 'मज्जासंस्था' आली की अख्खा वर्ग फिदीफिदी हसायचा, आता पुस्तकात चेतासंस्था असते, तीही मज्जा गेली.

शेवटी मी म्हटलं, आजी, मटणाची नळी ठोकून आतलं खातो ना, ते. तिथेच रक्त तयार होतं, सुईने थोडंसं घ्यायचं, जागा बधिर करून, ओढताना मात्र कळ येते. आजीचा चेहराच सुटला, "मंग असं सांगायचं की, नळीतला मगज!" नळीवरून बहिणीशी भांडणारं पोरगं मात्र एकदम गप्प झालं, त्याला सगळं बरोबर कळलं होतं.

मी लगेच फॉर्मवर पेनने मज्जेपुढे 'हाडातला मगज' लिहिलं, म्हटलं पुढच्या वेळी भानगड नको. संध्याकाळी सरांनी ते खोडून परत पाठवलं. मगज म्हणजे मेंदू असं कुणी समजलं तर, म्हणे.

आता करा मगजमारी.