दोन पाळ्या एकाच सोमवारी केव्हा येतील?

फोंडा तालुक्यातील आमच्या गावच्या शिवमंदिरात दर सोमवारी पालखी निघते. पालखीला फुलांची आरास करण्याची पाळी आठ घरांत फिरते, तर प्रसादाची पाळी बारा घरांत, आणि आमचे घर दोन्ही याद्यांत आहे. दोन्ही पाळ्या एकाच सोमवारी आल्या तर मुंबईची मंडळी एका खेपेत येऊन जातील, असा योग केव्हा आहे, असे आईने विचारले. सातवीतली भाची लगेच म्हणाली, "मामा, आठ गुणिले बारा केले की झाले ना?"

गुणाकार 96 येतो. तो दोन्ही संख्यांचा विभाज्य आहे, पण लघुत्तम नाही. 8 म्हणजे 2×2×2 आणि 12 म्हणजे 2×2×3. दोघांनाही पुरेल एवढेच मूळ अवयव घेतले, म्हणजे तीन वेळा 2 आणि एकदा 3, की लसावि 24 मिळतो. दोन्ही याद्या पहिल्या घरापासून एकाच सोमवारी सुरू झाल्या असतील, तर पहिली घरे पुन्हा एकत्र येतील ती 24 सोमवारांनंतर, म्हणजे पंचविसाव्या सोमवारी. सुरुवातीचा सोमवार मोजणीत धरायचा की नाही, हे आधी ठरवले नाही तर उत्तर हमखास एकाने चुकते.

आमचा प्रश्न मात्र एवढ्याने सुटला नाही, कारण आरासाच्या यादीत आमचे घर तिसरे आहे आणि प्रसादाच्या यादीत पाचवे. भाचीने वहीत सोमवार लिहून काढले: एकीकडे 3, 11, 19, 27, 35 आणि दुसरीकडे 5, 17, 29, 41. कितीही पुढे गेले तरी एकही आकडा जुळेना. पहिल्या ओळीतल्या कोणत्याही संख्येला 4 ने भागले तर बाकी 3 उरते, दुसऱ्या ओळीत ती नेहमी 1 उरते, आणि 4 हा 8 व 12 यांचा मसावि आहे. त्यामुळे हे दोन सोमवार कधीच एक होणार नाहीत. दोन क्रमांकांतील फरकाला मसाविने नि:शेष भाग गेला, तरच गाठ पडते. शेजारचे घर दुसरे आणि सहावे आहे, फरक 4, म्हणून त्यांच्या पाळ्या अठराव्या सोमवारी जुळतात आणि नंतर दर 24 सोमवारांनी.

शाळेतील उदाहरणांत घंटा एकदम वाजतात, बसगाड्या एकाच वेळी सुटतात. त्या सोयीच्या आरंभामुळे लसावि म्हणजेच उत्तर, अशी मुलांची समजूत होते. वास्तविक लसावि दोन भेटींमधले अंतर सांगतो. पहिली भेट केव्हा होईल आणि होईल की नाही, हे आरंभावर ठरते. ज्यात भेट होतच नाही असे एक तरी उदाहरण प्रत्येक वर्गात सोडवून घ्यावे, असे मला मनापासून वाटते.

भाचीने मग स्वतःच पुढचा प्रश्न घातला: प्रसादाच्या यादीत सातव्या घराशी अदलाबदल केली तर? 3 आणि 7, फरक 4. आकडे 3, 11, 19 आणि 7, 19. एकोणिसावा सोमवार. त्या सातव्या घराचा आरासाच्या यादीतला क्रमांक कोणता, आणि अदलाबदलीने त्यांची जुळणारी पाळी तर मोडणार नाही ना, हे पाहण्यासाठी ती सध्या दोन्ही याद्या उतरवून घेते आहे.