संमतीपत्रावरचं नाव

पीएचडीसाठी मी ओसाकातल्या इकुनोमध्ये झाइनिची, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या जपानात राहिलेल्या कोरियन बायकांच्या मुलाखती घेतल्या. भाषा जमली, माणसं भेटली. काम अडलं ते संमतीपत्रातल्या 'नाव' या रकान्यावर.

इथल्या कितीतरी घरांचं मूळ कोरियातल्या जेजू बेटावर आहे. कोरिया जपानच्या ताब्यात असताना बोटी तिथून थेट ओसाकाला येत. १९४० मध्ये कोरियनांना जपानी धर्तीची आडनावं घ्यायला लावली. १९५२ मध्ये नागरिकत्व काढून घेतलं, पण जपानी नाव सुटलं नाही. चेहऱ्यावरून कोरियन ओळखू येत नाही, नावावरून लगेच येतं; मग नोकरीही नाकारली जायची आणि भाड्याचं घरही.

माझ्या यादीत एक हालमोनी होत्या, म्हणजे आजी. वय ऐंशीच्या पुढे. आयुष्यभर घरी बसून त्यांनी सँडलचे तळ चिकटवले. डिंकाने अंगठ्याचं नख कडेला कायमचं पिवळं पडलेलं. मालाच्या वहीत नाव मात्र नवऱ्याचं. लहानपणी मुलगी म्हणून शाळेत घातलं नाही. पन्नाशीनंतर रात्रशाळेत अक्षरं गिरवली. तिथे पहिल्यांदा कुणीतरी त्यांना कोरियन नावाने हाक मारली.

प्रबंधात खरं नाव द्यायचं नाही, टोपणनाव घालायचं, हा नियम मी त्यांना समजावला. त्या म्हणाल्या, "अजून एक?"

त्या रात्री मला झोप लागली नाही.

खरं नाव छापू द्यावं म्हणून मी विद्यापीठाच्या नैतिकता समितीकडे अर्ज केला. तो दोनदा परत आला. समितीची काळजी खोटी नव्हती. २०१३ मध्ये जवळच त्सुरुहाशीत कोरियनांविरुद्ध मोर्चे निघाले होते. तिसऱ्या अर्जात लिहिलं, नाव द्यायचं की नाही हे बाई स्वतः ठरवतील, प्रबंध जमा होईपर्यंत मत बदलू शकतील, नातेवाईक आणि पत्ता कुठेच येणार नाही. पाच महिन्यांनी मंजुरी आली.

सही करण्याआधी त्यांनी विचारलं, "तुझं आडनाव वडिलांचं ना?" कोरियन बाई लग्नानंतरही माहेरचंच आडनाव लावते. माझ्या पदवीवर वडिलांचं आहे आणि पासपोर्टवर नवऱ्याचं, हे सांगताना माझी जीभ अडखळली. त्या काही बोलल्या नाहीत. चश्मा पुसला आणि तीन अक्षरं लिहिली, एकेक रेघ दाबून, इतकी की खालच्या कागदावरही उमटली.

प्रबंधात ते नाव आहे. इथे लिहायची परवानगी मी मागितलेली नाही.