मोत्यांची माळ खिडकीबाहेर

मूकपटांचा विषय निघाला की नाशकात मला हमखास ऐकावं लागतं, "अहो, फाळक्यांच्या गावात राहता आणि आवडता मूकपट चॅप्लिनचा? तोही ज्यात चॅप्लिनच नाही असा?"

माझा आवडता मूकपट कोणता आणि का, असं तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. 'अ वुमन ऑफ पॅरिस', १९२३. चॅप्लिन त्यात फक्त स्टेशनवरचा हमाल म्हणून क्षणभर दिसतो. त्याच्यासाठी आलेले प्रेक्षक हिरमुसले. खेड्यातली मारी आणि चित्रकार जाँ पळून जाऊन लग्न करणार असतात. ऐन वेळी जाँचे वडील कोसळतात, तो स्टेशनवर पोचत नाही, मारी एकटीच पॅरिस गाठते. वर्षभराने ती पिएर नावाच्या धनाढ्याच्या पैशांवर ऐषारामात राहतेय.

मला खिळवून ठेवतो तो माळेचा प्रसंग. पिएरचं लग्न श्रीमंताघरी ठरलंय, तरी मारीशी संबंध चालूच ठेवायचा त्याचा विचार आहे. मारी म्हणते, मला घर हवंय, मुलं हवीत, मान हवाय. तो खिडकीतून रस्त्यावरची लेकुरवाळी, गांजलेली बाई दाखवतो. चिडून ती त्याने दिलेली मोत्यांची माळ खिडकीबाहेर भिरकावते. खालचा भणंग माळ उचलून चालू लागतो, तशी मारी धावत जाऊन ती परत आणते. पिएर खो खो हसतो. मला त्या हसण्याचा संताप येतो. मान हवा असणं आणि मोती सोडवत नसणं, दोन्ही खरं आहे, आणि चॅप्लिन मारीला त्याबद्दल दोषी ठरवत नाही.

फाळक्यांबद्दल माझ्या मनात कृतज्ञताच आहे. पण त्यांच्या तारामती, सावित्री कसोटीला लागतात, तरी त्यांच्या चांगुलपणाचा निकाल आधीच लागलेला असतो. मारीचा लागत नाही. खरं तर मारीचा प्रश्न पडद्यामागे इथेही होताच. 'राजा हरिश्चंद्र'साठी, १९१३ साली, बाई मिळेना म्हणून तारामती झाले अण्णा साळुंके. त्याच वर्षीच्या 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची लेक कमलाबाई कॅमेऱ्यासमोर उभ्या राहिल्या, त्या काळी सिनेमात काम करणारी बाई म्हणजे बदनाम, हे ठाऊक असून. हा सिनेमा नाशकातच तयार झाला. मारी बघताना मला या मायलेकी आठवतात.

बघणार असाल तर चॅप्लिनने १९७६ साली स्वतः संगीत दिलेली आवृत्ती बघा. आणि स्टेशनवर गाडी शोधू नका, ती दिसतच नाही; मारीच्या चेहऱ्यावरून सरकणाऱ्या खिडक्यांच्या उजेडाकडे लक्ष ठेवा.