बार्नीच्या गाड्या: ९९९ चाकांवर उभी, आता मातीची पाळी

जुन्या काळातला अमेरिकन मोटार शर्यतपटू बार्नी ओल्डफिल्ड, त्याच्या गाड्यांची १:२४ मापातली मॉडेल्स करायला घेतली आहेत. त्यातली पहिली, फोर्ड ९९९, अखेर चाकांवर उभी राहिली. या गाडीला बॉडी नाही, त्यामुळे लपवायला जागाच नाही! चौकट, त्यावर १८.९ लिटरचं चार सिलिंडरी धूड आणि मागे एक सीट, बस्स. सिलिंडरचा व्यास सव्वासात इंच, म्हणजे आपल्या मापात पावणेआठ मिलिमीटरच्या आसपास. तिथे प्लास्टिकची नळी कापून लावली. स्टिअरिंगचं चाक नाही, दोन्ही हातांनी फिरवायचा आडवा दांडा आहे. तो पितळी तारेचा केला.

असला दांडा धरायला हेन्री फोर्डला सायकल शर्यतींतला गडी मिळाला, तो बार्नी. मोटार हाकायचा अनुभव जवळजवळ शून्य. २५ ऑक्टोबर १९०२ ला डेट्रॉइटजवळच्या ग्रोस पॉइंटला त्याने पाच मैल ५ मिनिटं २८ सेकंदांत मारले आणि नावाजलेला मोटार उत्पादक आणि शर्यतपटू अलेक्झांडर विंटन याला हरवलं. पुढच्या जूनमध्ये इंडियानापोलिसच्या जत्रेच्या मैदानावर एक मैल ५९.६ सेकंदांत. हे सगळे घोड्यांचे ट्रॅक: माती, सपाट वळणं, कडेला कठडा.

म्हणून डिअरबॉर्नच्या संग्रहालयातल्यासारखी चकचकीत ९९९ मला नको. इंजिनाचा फिरता दांडा (क्रँक) उघडाच असल्याने आधी तेलाचे चमकदार डाग देणार, मग मातीसाठी पिगमेंट पावडर, म्हणजे कोरड्या रंगाची भुकटी. ओल्या डागावर ती बरोबर चिकटते. पावडर आधी टाकली तर नुसतं पीठ सांडल्यासारखं दिसतं.

नंतर पीअरलेस ग्रीन ड्रॅगन आणि ब्लिट्झन बेंझ. बेंझने १९१० मध्ये फ्लोरिडातल्या डेटोना किनाऱ्याच्या वाळूत ताशी १३१.७ मैल गाठले, पण मला ती जत्रांतल्या ट्रॅकवरचीच हवी. त्याच वर्षी मुष्टियोद्धा जॅक जॉन्सनशी शर्यत लावल्याबद्दल तेव्हा शर्यतींचं नियमन करणाऱ्या 'एएए'ने (अमेरिकन ऑटोमोबाइल असोसिएशन) बार्नीला निलंबित केलं. त्याच्या गावोगावच्या बऱ्याच लढती आधीच ठरवलेल्या असत, तोंडात सिगार, तीन फेऱ्या, शेवटची त्याची. लबाडीच ती. तरी इंडियानापोलिसच्या ५०० मैलांच्या शर्यतीत (इंडी ५००) १९१४ आणि १९१६ ला पाचव्या आलेल्या बार्नीपेक्षा मला हाच जास्त आवडतो.

१९१७ च्या गोल्डन सबमरीनचं कोडं मात्र सुटत नाहीये. हॅरी मिलरने केलेली ती पूर्ण बंद, अंडाकृती बॉडी हलकं बाल्सा लाकूड कोरून करावी की गरम प्लास्टिक साच्यावर ओढून? बंद कॉकपिटच्या गाड्या केलेल्यांनी जरूर सांगा.