तुम्ही विचारलंत म्हणून: दादा, हे ८० टक्के सूट खरं असते का?

माझं गावात ऑनलाइन कामाचं दुकान आहे, दारव्हा तालुक्यात. सातबारा काढून देणं, पीकविम्याचे फॉर्म, रिचार्ज, झेरॉक्स, आणि आता तीनचार वर्षांपासून पार्सल. म्हणजे कुरिअरवाला पोरगा काही प्रत्येक वस्तीवर जात नाही, तो माझ्याकडे पोतंभर पुडे टाकून जातो आणि ज्याचं त्यानं येऊन न्यायचं. याचे मला कोणी पैसे देत नाही, पण गावात कोणी काय मागवलं, किती खुशीत नेलं आणि तिसऱ्या दिवशी कसं तोंड पाडून परत आणलं हे सगळं माझ्यासमोर होते. म्हणून मग विचारतातही मलाच. मोबाईल डोळ्यापुढे धरतात, लाल अक्षरात ८० टक्के सूट, आजचाच दिवस, खाली घड्याळ उलटं पळून राहिलं, आणि "दादा, हे खरं असते का? घेऊ का?"

हो, सूट खरी असते. ज्या किमतीवर दिली ती किंमत खोटी असते.

बैलबाजारात पाहा, विकणारा जोडीचे लाख सांगते तेव्हा सांगणाऱ्यालेही माहीत आणि ऐकणाऱ्यालेही माहीत की हा नुसता सुरुवातीचा आकडा आहे. मग आपण दात पाहतो, खांदा पाहतो, चार पावलं चालवून पाहतो, रुमालाखाली बोटं दाबतो, आणि शेवटी साठ-पासष्टवर सौदा पटला तर घरी येऊन कोणी सांगत नाही की मले पस्तीस टक्के डिस्काउंट भेटला. मोबाईलवर मात्र तोच सुरुवातीचा आकडा काट मारून दाखवला की आपण तो खरा धरतो. पाकिटावरची एमआरपी कोण ठरवते, तर बनवणारा किंवा बाहेरून आणणारा. छापलेल्या किमतीच्या वर विकायचं नाही हे कायदा सांगतो, पण साध्यासुध्या वस्तूवर मुळात किती छापायची याला काही लगाम नाही. हजाराच्या वस्तूवर पाच हजार छापले की ८० टक्के सूट तयार, कोणाच्या खिशातून एक रुपया गेला नाही. (आपल्या बाजारातले दुकानदारही हेच करतात म्हणा, फवारणीच्या पंपावर साडेसहा हजार छापलेले असतात आणि तीन हजारात देतात, पण तो निदान उद्या त्याच गाळ्यात बसलेला सापडते.)

आता मी शहाणा म्हणून सांगत नाही, मी स्वतः बुडालेला आहे. २०२४ च्या जुलैमध्ये बाबांसाठी बॅटरीचा फवारणी पंप मागवला. १६ लिटर, बारा बाय बारा (म्हणजे १२ व्होल्ट १२ अँपियरची बॅटरी), डबल मोटर, ८,९९९ चा १,४९९ ले. पानावर घड्याळ, "फक्त ३ शिल्लक", आणि दर मिनिटाला कोणीतरी नागपूरचा नाहीतर अकोल्याचा माणूस तोच पंप घेऊन राहिला होता. नंतर डोकं ठिकाणावर आल्यावर तेच पान पुन्हा उघडलं तर घड्याळ परत पंधरा मिनिटांपासून सुरू आणि शिल्लक पुन्हा तीनच. या खोट्या घाईला केंद्र सरकारनं नोव्हेंबर २०२३ मध्ये डार्क पॅटर्नच्या, म्हणजे ऑनलाइन गिऱ्हाइकाला भुलवायच्या युक्त्यांच्या, नियमांत नाव घेऊन मनाई केली आहे, असे एकूण १३ प्रकार त्यात दिले आहेत, पण मनाई आहे म्हणून घड्याळ काही थांबत नाही.

पंप आला, दिसायला छान होता. बाबांनी उचलला आणि म्हणाले, "हा इतका हलका कायले आहे?" मी म्हटलं, नवीन टेक्नॉलॉजी असेल बाबा. अर्धा एकरही झाला नाही आणि दाब गेला. बॅटरी काढली, वर मोठ्या अक्षरात १२ व्होल्ट १२ अँपियर, आणि शेजारच्या किराणावाल्याच्या काट्यावर ठेवली तर सव्वा किलोही भरली नाही. आता ज्यानं कधी अशी पंपाची बॅटरी उचलली त्याला माहीत आहे की या जातीच्या बॅटरीत शिसं असते, १२ व्होल्टची ७-८ अँपियरची असली तरी दोन किलोच्या वर भरते, १२ अँपियरची साडेतीनच्या आसपास. म्हणजे स्टिकर तेवढं बारा अँपियरचं होतं. शिवाय टाकीचं झाकण नीट बसत नव्हतं, पाठीवर गळत होतं. यावर मला हसू येत नाही, कारण २०१७ मध्ये आमच्याच यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसेक शेतकरी-शेतमजूर गेले, तेव्हापासून गळका पंप हा आमच्याकडे जिवाचा प्रश्न आहे.

परत करायला गेलो तर "तुमच्या पिनकोडवर रिटर्न पिकअप उपलब्ध नाही". आणताना पिनकोड चालला, नेताना नाही चालला! स्वतःच्या खर्चानं कुरिअर करा म्हणे, पण कुठे, तर पत्ताच नाही. पानाच्या तळाशी एक ईमेल होता, त्यावर तीनदा लिहिलं, महिन्याभरानं ती वेबसाइटच गायब. बिल नाही, जीएसटी नंबर नाही. गेले १,४९९.

आणि "मी तं माल आल्यावर पैसे देतो, मले कोण फसवते" म्हणणाऱ्यांसाठी, मीही तसेच दिले होते. पोरगा आधी पैसे घेते, मग पुडा देते. उघडल्यावर आत वीट निघाली तरी त्या पोराचा काही दोष नाही, त्याला पुड्यामागे मोजके पैसे भेटतात, शिव्या मात्र त्यालाच.

दुसरी गोष्ट आमच्या एका काकाजींची. रानडुकरं आणि रोही (नीलगाय) यांच्यासाठी सोलर झटका मशीन, कुंपणाच्या तारेत झटका सोडणारी, मागवली, तीही अशीच "१४,९९९ ची २,९९९ ले", पण एका मोठ्या ॲपवरून. तारेला हात लावला तर मुंगी चावल्यासारखं, डुकरं रात्रभर निवांत. तिथं विकणाऱ्याचं नाव आणि पत्ता दिलेला होता, दुसऱ्या राज्यातला का असेना. द्यावाच लागतो, ई-कॉमर्सचे नियम २०२० पासून आहेत, तक्रार केली की ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याच्या आत निकाल लावायचा असंही त्यात लिहिलं आहे. ॲपवाल्यांनी आधी टोलवाटोलवी केली. मग १९१५ ले फोन लावला, ही ग्राहकांची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे, मराठीत बोलता येते, बिल आणि ऑर्डरचे फोटो दिले, तक्रार नंबर भेटला. सतरा दिवसांनी पैसे परत. काकाजी म्हणाले, "बाप्पा, हे तं पीकविम्यापेक्षा लवकर आलं." त्यानंही नसतं झालं तर जिल्हा ग्राहक आयोगात जाता येते, आपण राहतो त्याच जिल्ह्यात, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, दोन वर्षांची मुदत असते. माझ्या पंपाच्या वेळी मात्र तक्रार करायची कोणावर हेच नव्हतं.

म्हणून मी किती टक्के ते पाहतच नाही, विकणारा कोण ते पाहतो. ॲपचं नाव वेगळं आणि विकणारा वेगळा असतो हे अर्ध्या गावाला माहीत नाही.

बरं, स्वस्त म्हणजे सगळं खोटंच असंही नाही. २०१३ च्या सप्टेंबरमध्ये कांदा कडाडला होता तेव्हा ग्रुपॉन नावाच्या डील वेबसाइटनं ९ रुपये किलोनं कांदा विकला होता, लोकांच्या उड्यांनी साइट बंद पडली होती. तो कांदा खरा होता, तोटा कंपनीनं जाहिरात म्हणून सोसला. (आमच्या कांदेवाल्याला ९ रुपये भेटले तर पेढे वाटावे अशीही वर्षं आम्ही पाहिली, ते जाऊ द्या.) तिथं तोटा कोण खाऊन राहिलं आणि कशापायी, हे दिसत होतं. माझ्या १,४९९ च्या पंपात मी ते विचारलंच नव्हतं.

आता कोणी विचारलं तर मी एवढं करतो, तीच वस्तू दारव्ह्याच्या दुकानात फोन करून विचारतो, कितीला देता, बिलासह सांगा. बऱ्याचदा फरक दोनशे-तीनशेचा निघते आणि दुकानदार दुरुस्तीही करून देते. वेबसाइटचं स्पेलिंग पाहतो, मोठ्या कंपनीचंच नाव पण एखादं अक्षर जास्त असलं की मोबाईल परत देतो. आणि पैसे आधी गेलेच असतील आणि समोरचा भामटा निघाला तर १९१५ नाही, १९३० लावा, सायबरवाला नंबर, त्याच तासाला लावा, भाच्याला विचारून उद्या लावतो असं करू नका.

ती सव्वा किलोची बॅटरी अजून काउंटरवर आहे. झेरॉक्सचे कागद उडू नयेत म्हणून ठेवतो, आणि कोणी पंपाची डील दाखवली की आधी ती हातात देतो. पाहायची असेल तर या कधीही, फक्त मंगळवारी नको, बाजार राहते, बोलायला फुरसत नसते.