गार गाडीचा धक्का

काकूंच्या डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. क्लच दाबायला नको म्हणून त्यांनी ऑटोमॅटिक गाडी घेतली होती. आता सकाळी 'डी'ला, म्हणजे पुढं जायच्या गिअरला, टाकली की दोन-तीन सेकंद गाडी जागची हलायची नाही, मग मागून कुणी ठोकल्यासारखा धक्का. दुसऱ्या गिअरवरून तिसऱ्याला जाताना इंजिनाचा आरपीएम (फेरे) नुसताच चढायचा. एका वर्कशॉपनं गिअरबॉक्स उतरवायला सांगितलं होतं. "दादा, एवढा खर्च नाही हो झेपायचा. विकून टाकू का?"

स्कॅनरवर बिघाडाचा एकही कोड नाही. इंजिनाचे माउंट, म्हणजे ते ज्यांवर बसवलेलं असतं ते आधार, शाबूत. मी विचारलं, "गाडी गरम झाल्यावर?"

"वीस मिनिटांनी बरी चालते. पण कात्रजच्या घाटात वळणावर परत झटके."

इथं मी सावध झालो. गार असताना त्रास, चढावर वळताना त्रास. गिअरबॉक्सचं ऑइल कमी असलं की ते वळणावर एका बाजूला जातं, पंप हवा ओढतो, प्रेशर पडतं आणि आतल्या क्लचप्लेटा वेळेवर धरत नाहीत. विचारल्यावर कळलं, महिन्यापूर्वी ऑइल बदललं होतं, तेही लांबच्या प्रवासाहून आल्या आल्या.

या गिअरबॉक्सला डिपस्टिक नाही, त्याच्या ऑइलच्या चेंबरखाली लेव्हलचा बोल्ट असतो; तो काढला की लेव्हलपेक्षा जास्तीचं ऑइल बाहेर येतं. तो उघडायचा तो गाडी सपाट, इंजिन चालू आणि ऑइल साधारण 40 अंशांवर असताना. इंजिन बंद केलं की पंप थांबतो, वरचं ऑइल चेंबरमध्ये उतरतं, लेव्हल खोटी वाढते. त्यात तापलेलं ऑइल फुगलेलं. अशा वेळी बोल्ट उघडला तर हवं असलेलं ऑइलही जास्तीचं समजून वाहून जातं. बहुधा तेच झालं होतं.

गाडी लिफ्टवर घेतली. ब्रेक दाबून सगळे गिअर फिरवले, परत 'पी', म्हणजे पार्किंग. स्कॅनरवर 40 दिसताच बोल्ट काढला. एक थेंब नाही! कंपनीनं सांगितलेल्या ग्रेडचंच ऑइल पंपानं भरत गेलो. लिटरभराहून जास्त गेलं, तेव्हा कुठं बारीक धार आली. धारेचे थेंब झाल्यावर बोल्ट आवळला. पांढऱ्या टिश्यूवर एक थेंब घेतला: लालसर, जळका वास नाही, काळा कीस नाही. तेव्हा माझा जीव भांड्यात पडला.

खरी परीक्षा गार गाडीची. म्हणून ती रात्रभर ठेवून घेतली. सकाळी काकूंनाच स्टार्ट करायला लावली. 'डी'ला टाकली, ब्रेक सोडला, गाडी अलगद सरकली. काकू काही बोलल्या नाहीत, त्यांनी गेटपर्यंत नेऊन ती रिव्हर्स घेत परत आणली.