पाहू ना, मॅडम

2022 च्या जुलैमधला तो तक्ता अजून माझ्या लॅपटॉपमध्ये आहे. राळेगाव तालुक्यातली सहा गावं, रकाना नववा: फवारणी करताना संरक्षक किट वापरता का? खाली सगळीकडे 'हो'. बेरीज 100 टक्के. भरणारी मी.

मी एका कापूस प्रकल्पात गावपातळीवर काम करते. एकरी दोन कामगंध सापळे (मादीच्या वासानं नर पतंग ओढणारे) लावून घ्यायचे, सलग तीन रात्री सापळ्यात आठ-आठ पतंग पडले का ते मोजायचं, डोमकळ्या, म्हणजे अळी लागून न उमललेली फुलं, तोडायला लावायच्या, आणि एकरातून 20 हिरवी बोंडं आणून फोडायची. गुलाबी बोंडअळी लागलेलं बोंड बाहेरून धड दिसतं. आत शिरताना अळी इतकी बारीक असते की तिचं भोक बुजून जातं, आणि फोडल्यावर सरकीत बसलेली सापडते. वीसात दोन बोंडं किडकी निघाली तर थांबून चालत नाही. हे काम मला चांगलं येतं, कुणाचं ऐकून मी आकडा लिहीत नाही. किटचा रकाना मात्र मी बोंड न फोडताच भरला होता.

त्याच गावांतले एक शेतकरी, नाना, त्यांना विचारलं तेव्हा ते म्हणाले होते, "पाहू ना, मॅडम." माझं माहेर घाटंजीचं. 'पाहू ना' म्हणजे काय, हे मला कुणी सांगायला नको. पण तक्त्यात 'हो' आणि 'नाही' एवढ्या दोनच जागा. सत्तरीतल्या माणसानं माझा मान राखून दिलेलं उत्तर 'नाही'त टाकायला हात धजला नाही. शिवाय आमच्या साहेबांना तक्त्यात लाल रंग दिसलेला चालत नाही. ज्यांनी हा तक्ता बनवला ते कधी धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, उभे राहिलेले नाहीत, हे माझं तेव्हाही मत होतं आणि आजही आहे.

ऑक्टोबरात हॉलंडचा आमचा सहकारी आला. 'सर म्हणू नकोस, नावानं हाक मार,' असं त्यानं पहिल्याच दिवशी सांगितलं. मला ते शेवटपर्यंत जमलं नाही. देवळासमोर सभा झाली. किट कोण कोण वापरतं, असं त्यानं विचारलं आणि मी मराठीत सांगितलं. सगळे हात वर. तो खूश झाला, आणि म्हणाला, चला, आता एखादं वावर बघू. हे ठरलेलं नव्हतं.

नानांच्या वावरात गावातलाच एक पोरगा फवारा मारत होता. अंगात बनियन, तोंडाला दुपट्टा, पाय उघडे. धुऱ्यावर मोनोक्रोटोफॉस या कीटकनाशकाची बाटली, लाल त्रिकोणाची, म्हणजे अतिविषारी. सगळे गप्प. नाना पुढे झाले आणि म्हणाले, "चुकलं जी. उद्यापासून घालतो."

आमच्याकडे वडीलधारा माणूस चारचौघांत 'चुकलं' म्हणाला की विषय तिथंच संपतो. पुढचा प्रश्न विचारणं म्हणजे त्याला उघडं पाडणं. मी भाषांतर केलं आणि तो म्हणाला, मला माफी नको, कारण हवंय. पुन्हा विचार. मी घुटमळले. तो माझ्याकडे वळला. जुलैमध्ये तू 'हो' लिहिलंस. मग हे काय आहे? आवाज चढलेला नव्हता, पण गावासमोर विचारलं होतं. माझे कान तापले. मी म्हणाले, रोज घालतात, आजच राहिलं असेल. म्हणजे दुसऱ्यांदा खोटं बोलले, तेही इंग्रजीत, म्हणजे गावातल्या कुणाला ते कळणार नव्हतं.

शेवटी नानांना विचारलंच. नाना जमिनीकडे बघत राहिले. बोलला तो पोरगा. "चष्म्यात वाफ धरते, मॅडम. ओळ दिसत नाई. पानी प्याचं म्हनलं तर मोजे काढा, मास्क काढा, परत तेच हात तोंडाले. अन् मले पंपामागं पैसे भेटते. दिवसाचे पंप कमी झाले तर मी खाऊ काय?"

हे ऐकून सहकाऱ्यानं गाडीतून नवं किट मागवलं आणि स्वतः चढवलं. 16 लिटरच्या पंपात साधं पाणी भरून घेतलं. पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची झाडं, छातीला लागत होती. ऑक्टोबरचं ऊन, त्यात वरून प्लास्टिकचा ॲप्रन. दोन ओळी जाऊन तो तिसरीच्या मध्येच थांबला आणि चष्मा काढला. काचेवरून पाणी गळत होतं. तिथंच खाली बसून त्यानं पोराचं म्हणणं शब्दाला शब्द लिहून घेतलं. आमच्या साहेबांना मी कधी पंप उचलताना पाहिलेलं नाही.

मग त्यानं बाटली उचलली आणि म्हणाला, हे औषध आमच्याकडे विकायला परवानगी नाही. मी सांगितलं. पोरानं विचारलं, "मंग आमच्याकडं काऊन भेटते?" मी तेही सांगितलं. तो बराच वेळ बाटलीकडे बघत राहिला आणि म्हणाला, याचं उत्तर माझ्याकडे नाही. एवढ्या लोकांसमोर साहेब माणसानं असं म्हणावं, हे मी पहिल्यांदा ऐकत होते.

2017 साली आमच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं 20 हून अधिक माणसं गेली, शेकडो भरती झाली. त्या वर्षी पऱ्हाटी डोक्याच्या वर वाढली होती, औषध थेट तोंडावर यायचं. दवाखान्यात डोळ्यांना पट्ट्या बांधून बसलेली माणसं मी पाहिली आहेत. ते पाहूनही मी नवव्या रकान्यात 100 लिहिलं, हे मला अजून गिळता येत नाही.

परतताना गाडीत तो मोकळेपणानं बोलत होता, मुलांचे फोटो दाखवत होता. त्याच्या लेखी धुऱ्यावरचं धुऱ्यावर संपलं होतं. माझ्या तोंडून शब्द फुटत नव्हता. संध्याकाळी त्यानं सगळ्यांना मेल केलं: जुलैचा आकडा बरोबर नव्हता, हिच्या मदतीनं आज खरं कारण कळलं. त्यानं कौतुक म्हणूनच लिहिलं होतं. साहेबांनी पहिलंच वाक्य वाचलं आणि रात्री साडेनवाला फोन केला, "घरातलं बाहेर काढलंत तुम्ही." दुसऱ्या वाक्याबद्दल आजवर कुणी बोललेलं नाही.

पुढच्या हंगामात वाफ न धरणारा चष्मा आला, मास्कही हलका आला. पोरगा तो लावतो, मी पाहिलंय. त्या पोराच्या एका वाक्यानं जे झालं ते माझ्या सगळ्या तक्त्यांनी झालं नव्हतं, आणि ते वाक्य बाहेर आलं ते केवळ एका माणसानं 'चुकलं' एवढ्यावर ऐकून घेतलं नाही म्हणून. पण मजूर मालकाआधी बोलला आणि मालक मान खाली घालून उभा राहिला, हे गावानं पाहिलं. ते सहकाऱ्याला दिसलंच नाही. मला दिसत होतं आणि मी त्याला सांगितलं नाही. नाना तेव्हापासून सभेला येत नाहीत.

यंदा भांडून मी तक्त्यात तिसरी जागा करून घेतली: 'पाहू'. सहकाऱ्याचं लगेच मेल आलं, हे 'हो'मध्ये धरायचं की 'नाही'मध्ये? मी दोनदा उत्तर लिहायला बसले आणि दोन्ही वेळा खोडलं.

नानांच्या नावापुढे तेच आहे. दारात उभं राहून काकूंनी सांगितलं, "पाहू म्हन्ते ते." चहा दिला. नाना घरातच होते, त्यांचा खोकला मला बाहेर ऐकू येत होता.